मी वडगावची मनं मोजली त्याची गोष्ट

पेन्शनीत निघालेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "तुम्ही कशात होता?" कुणी पोस्टात असतो, कुणी रेल्वेत, कुणी मामलेदार कचेरीत. मी म्हणतो, जन्म शाळामास्तरकीत गेला, पण त्याआधी अडीच वर्षं मनं मोजायच्या कामावर होतो. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस जरा लांब सरकून बसतो. आमच्या न्हाव्याने तेव्हा अगदी साधा प्रश्न विचारला होता, "मोजता कशानं मास्तर? शेरानं का पायलीनं?" मी म्हणालो, "पुठ्ठ्यानं." त्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधीची ही गोष्ट. बेळगावात एक प्रोफेसर विलायतेहून मानसशास्त्र शिकून आले होते. माणसाचा स्वभाव, त्याचं चारचौघांतलं वागणं आणि त्याच्या मनाचे आजार यांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्यांना आपल्या भागातल्या साध्या माणसांना विचारून शोधायचं होतं. त्यासाठी मदतनीस हवा होता. मॅट्रिक झालेला, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, आणि मुख्य म्हणजे स्वतःची सायकल असलेला. शेवटच्या अटीला बाकीचे उमेदवार गळाले. प्रोफेसरांना मानसशास्त्र येत होतं, मला सायकल येत होती. दोघांनी मिळून शास्त्राची सेवा करायची ठरली.

धंदा काय होता तो सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. साठ प्रश्नांचा एक छापील कागद. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन: हो, नाही, सांगता येत नाही. माणसाने सांगायचं, मी फुली मारायची. घरी आल्यावर त्या कागदावर एक भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायचा. भोकांतून जितक्या फुल्या दिसतील तितकं मन बिघडलेलं. फुली दिसलीच नाही तर मन शाबूत. संपलं शास्त्र. या पुठ्ठ्यावर माझी इतकी श्रद्धा बसली की घरात आई एखाद्या दिवशी चिडचिड करायला लागली की मला वाटायचं, हिच्यावर एकदा पुठ्ठा ठेवून बघावा. तिने माझ्यावर लाटणं ठेवलं असतं, म्हणून धीर झाला नाही.

प्रश्न मूळचे विलायतेतले. ते प्रोफेसरांनी मराठीत आणले आणि मी गावच्या बोलीत उतरवले. कागदावर ते छान दिसायचे. माणसांच्या समोर गेले की त्यांची तारांबळ उडायची, आणि माझी त्याहून जास्त.

पहिली मोहीम निपाणीला. तंबाखूच्या वखारीत बायका ठसकत, खोकत, पानं निवडत बसलेल्या. एकीला मी विचारलं, "आपल्यावर कोणीतरी सारखी नजर ठेवून आहे असं तुम्हांला वाटतं का?"

ती म्हणाली, "वाटतंय कशाला? त्यो काय मुकादम बसलाय." आणि खरंच, तो पोत्यावर बसून आमच्याकडेच बघत होता. मी 'हो'वर फुली मारली.

दुसरीला विचारलं, "रस्त्यात ओळखीचं माणूस समोरून आलं तर वाट बदलता का?"

"थोरला दीर आला तर बदलाय लागती की. तुमच्यात न्हाय व्हय बदलत?"

तिथेही फुली. पुठ्ठा ठेवल्यावर असं निघालं की आख्खी वखार संशयाने पछाडलेली आणि माणसांना भिणारी आहे. प्रोफेसर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "देसाई, निपाणीत काहीतरी फार गंभीर चाललं आहे." मी मान डोलावली. माझी नोकरी हंगामी होती.

मग कणकुंबी, जंगलातलं गाव. तिथल्या एका शेतकऱ्याला विचारलं, "अंधारात बाहेर पडायची भीती वाटते का?" तो म्हणाला, "आंधाराची न्हाय. गव्याची वाटती." गव्यासाठी कागदावर चौकोन नव्हता. मी 'सांगता येत नाही'वर फुली मारून मोकळा झालो. खरं तर त्याला चांगलं सांगता येत होतं. मलाच लिहिता येत नव्हतं.

अशी तयारी झाल्यावर प्रोफेसरांनी मला बेळगावलगतच्या वडगावला पाठवलं. तिथे घरोघरी माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, हातात दोरी, धोटा इकडून तिकडे पळतोय, शेजारी बायको छोटा रहाट फिरवत धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरतेय आणि दिवसभर खटाखट, खटाखट. शेजारच्या घरातला माणूस भिंतीपलीकडून माग न थांबवता बोलतो आणि इकडचा माग न थांबवता उत्तर देतो. अशा गल्लीत मी 'तुम्हांला एकटं राहायला आवडतं का' हा प्रश्न घेऊन गेलो होतो. गल्लीतल्या शिवाप्पाअण्णाने मला उलट विचारलं, "येकटं म्हंजे? घरात कोण न्हाई आसं? तसं कवा हुतंय?"

या शिवाप्पाअण्णाला मी शाईच्या डागांची चित्रंही दाखवली. कागदावर शाई टाकून घडी घातली की दोन्ही बाजूंना सारखा डाग उमटतो. त्यात माणसाला काय दिसतं त्यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळतं, असं प्रोफेसर म्हणायचे. अण्णाने चित्र उजेडाकडे धरलं, वाकडं केलं, सरळ केलं आणि म्हणाला, "ह्यो काठ चुकलाय. डाव्या अंगाला दोन धागं तुटल्यात. कुणी इणला ह्यो?" प्रोफेसरांनी निष्कर्ष काढला, दुसऱ्याच्या चुका काढायची विकृत सवय. मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला.

वही बघून मला मास्तर म्हणणाऱ्या त्या गल्लीत माझ्या शास्त्राची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आक्का. पंचावन्नच्या आसपास वय, ठेंगणी, आवाज मात्र पलीकडच्या शहापूरपर्यंत जाईल असा. मी कुणालाही काहीही विचारलं की उत्तर आक्का द्यायची. "त्येला काय इचारतोस? त्येला झोप लागत न्हाय, परवाच सांगत हुता." मी म्हणायचो, "आक्का, ज्याला विचारलं त्यानंच सांगायचं असतं." ती म्हणायची, "मग मी काय खोटं सांगतो व्हय?" शेवटी मी तिला नमुन्यातून वगळली. तिचा कागद भरलाच नाही. शेरा लिहिला: सारखी मधे बोलते.

आक्काच्या शेजारचं घर परशरामचं. चाळिशीचा माणूस, हाताने कसबी. बायको दीड वर्षापूर्वी तापाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी त्याच्याकडे जायला निघालो तेव्हा आक्काने मला कट्ट्यावर ओढून बसवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"मास्तरा, त्येला जपून इचार. त्यो बरा न्हाय. बायकू गेल्यापास्नं बोलत न्हाय. दोन डाव हिरीच्या काठावर जाऊन बसलता. तवापास्नं आमी आळीपाळीनं जातो त्येच्याकडं. कोण चुलीला इस्तू मागाय जातंय, कोण ताक द्याय. त्येला वाटतंय शेजारी लई भिकारी हाईत. वाटू दे. पर नजर ठिवाय पायजे."

मी वहीत लिहिलं: शेजारी फाजील चौकस. आणि आत गेलो.

परशराम मागावर होता. मी प्रश्न विचारत गेलो, तो धोटा मारत उत्तरं देत गेला. झोप लागते का? "लागती." जेवण जातं का? "जातंय." उगीच रडायला येतं का? "न्हाय." कशाचा त्रास? "काय न्हाय." साठ प्रश्न पाव तासात झाले. बाकीच्या घरांत एकेका प्रश्नाला एकेक आजारपण ऐकावं लागायचं. मला हा माणूस फार आवडला.

त्या संध्याकाळी पुठ्ठा ठेवला. वडगावची बाकी गल्ली निपाणीपेक्षा वाईट निघाली. डोकं दुखतं, झोप नाही, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही, प्रत्येक भोकात फुली. आता यात नवल काहीच नव्हतं, हे आज कळतं. आमच्याकडे पैलवानाला जरी विचारलं, "बरं हाय न्हवं?" तरी तो म्हणतो, "हाय कसंबसं, जरा कणकण हाय." 'एकदम छान' म्हणणं म्हणजे आपण होऊन नजर लावून घेणं. मी याच मातीतला, मीही आयुष्यभर 'कसंबसं'च म्हणत आलेला. पण हातात पुठ्ठा आला की माणसाला आपलं घरसुद्धा परकं दिसायला लागतं.

आणि परशरामच्या कागदावर पुठ्ठा ठेवला तर एकही फुली नाही. सगळी भोकं कोरी. प्रोफेसर खुर्चीतून उठून उभे राहिले. "देसाई, पूर्ण समतोल! एवढं दुःख सोसून पूर्ण समतोल! अहो, असा माणूस आम्हाला तिकडेसुद्धा बघायला मिळाला नाही." मी आक्का काय म्हणाली ते सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "शेजारणी काय बोलतात ते शास्त्र नव्हे." मलाही ते पटलं. शेजारणीपेक्षा पुठ्ठा केव्हाही बरा, तो मधे बोलत नाही.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की कुणाच्या कागदात काय निघालं ते कुणाला सांगायचं नाही. प्रोफेसरांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. पुढच्या खेपेला मी वडगावला गेलो. आक्काच्या कट्ट्यावर चहा झाला, पाच-सहा माणसं जमली, आणि आक्का म्हणाली, "मास्तरा, येवढं इचारून इचारून कळलं काय तुला?"

तिच्या आवाजातली थट्टा मला झोंबली. मी म्हणालो, "कळलं की. विलायतेच्या पद्धतीनं मोजलं तर या गल्लीत सगळ्यात शाबूत मन परशरामचं आहे. त्याला काही झालेलं नाही. तुम्ही उगीच त्याच्या मागं लागलाय."

शिवाप्पाअण्णाने विचारलं, "आनि आमचं?"

इथे तरी गप्प बसायचं. पण हात दाखवून अवलक्षण करायची मला हौस. मी म्हणालो, "तुमची सगळ्यांची जरा काळजीच वाटते."

चार दिवसांत बातमी शहापूरपर्यंत गेली की साहेबाच्या मास्तराने वडगावची एक आख्खी गल्ली येडी ठरवली आहे. शिवाप्पाअण्णाच्या मुलीला बघायला शहापूरची माणसं यायची होती. त्यांनी निरोप पाठवला की जरा थांबतो. मी गल्लीत शिरलो की दारं लागायला लागली. कट्ट्यावरचा चहा बंद झाला. आक्का तर मला बघून पदर झटकून आत गेली. मी मनात म्हटलं, शास्त्राच्या वाटेवर हे चालायचंच. सगळे माझ्यावर रागावले आहेत एवढंच मला कळलं होतं. त्यांनी परशरामकडे जाणंही सोडलं आहे, हे कळलं नव्हतं.

परशरामचा फोटो काढून आपल्या शोधनिबंधात छापायचा असं प्रोफेसरांनी ठरवलं. कामात असताना काढू म्हणाले. मी चौकशी केली तर गुरुवारी सकाळी त्याची पांजणी होती. विणकराच्या घरी माग चालतो तो सगळ्यांना दिसतो, पण खरी कसोटी पांजणीची. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवायच्या आधी गल्लीत लांबच लांब ताणून बांधतात. त्याला पिठाची खळ लावतात आणि ती वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी कुंच्याने झाडत झाडत धागा न् धागा मोकळा करतात. तुटेल तो तिथल्या तिथे जोडतात. हे एका माणसाचं काम नव्हे. आठ-दहा हात लागतात आणि ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. उशीर झाला की सगळे धागे एकमेकांना चिकटतात आणि महिनाभराची विणाई पापडासारखी वाळून बसते. म्हणून कुणाची पांजणी असली की गल्ली आपणहून येते. बोलावणं करायची रीत नाही. ज्याच्या पांजणीला कोणी येत नाही तो गल्लीला मेला.

त्या गुरुवारी मी आणि प्रोफेसर टांग्याने पोचलो तेव्हा परशराम गल्लीत एकटा उभा होता. ताणा त्याने एकट्यानेच कसाबसा बांधला होता. खळ लावून झाली होती. हातात कुंचा होता आणि तो नुसता उभा होता. शिवाप्पाअण्णा आपल्या दारात दात घासत होता. आक्का उंबऱ्यावर पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. सगळी गल्ली दारात होती आणि कोणी पायरी उतरत नव्हतं.

प्रोफेसर कॅमेऱ्याची तिकाटी मांडत म्हणाले, "वा! एकाग्रता बघा."

मी शिवाप्पाअण्णाकडे धावलो. "अण्णा, खळ वाळायला लागली, चला की."

तो राखेची चूळ थुंकून म्हणाला, "आमी येडी माणसं. आमी काय करनार? त्यो शाना हाय. त्येचं त्यो बगंल."

आक्काकडे गेलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आट दीस झालं, त्येच्याकडं कोण गेलं न्हाय. तुजा कागदच म्हनतोय न्हवं, त्येला काय झालं न्हाय म्हनून? मग कशाला जायाचं?" आणि हे म्हणता म्हणता तिने खडे सुपात ठेवून तांदूळच बाहेर टाकले, ते मी बघितलं.

तेव्हा कुठे मला कळलं. आठ दिवस. विस्तू मागायला कुणी नाही, ताक द्यायला कुणी नाही. दीड वर्ष या लोकांनी त्याला विहिरीपासून लांब ठेवला होता, आणि मी चहाच्या एका कपावर ते सगळं मोडून ठेवलं होतं. परशराम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मी ज्याला समतोल म्हणून लिहून नेलं होतं ते हेच.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी कोट काढला, बाजूचा दुसरा कुंचा उचलला आणि ताण्यावर चालवायला सुरुवात केली. कुंचा वरून खाली, अलगद, धाग्याच्या कलाने चालवायचा असतो. मी तो आडवा ओढला, आमची आई गादीवरची धूळ झाडते तसा. पट् पट् पट् धागे तुटायला लागले. तुटलेले जोडायला मी हात घातला तर खळीत कोपरापर्यंत माखलो आणि माझ्या बटणात आणखी पाच-पंचवीस अडकले. मी मागे सरलो तर ते सगळे माझ्याबरोबर आले.

"सोड त्यो कुंचा!" आक्काचा आवाज आला. सूप कुठे, तांदूळ कुठे. "सोड म्हनतो न्हवं मुडद्या! ताना हाय त्यो, तुजा कागद न्हवं!"

विणकर माणूस भांडण सोसेल, अपमान सोसेल, पण डोळ्यांदेखत ताणा नासलेला त्याला सोसत नाही. शिवाप्पाअण्णाने तांब्या तिथेच टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली आणि कुंचे चालायला लागले. मला दोघांनी धरून धाग्यांतून सोडवला. आणि मग परशराम माझ्या अंगावर आला.

"कुनी सांगितलं रं तुला हात लावाय? कुनी सांगितलं? इचारतोस काय, लिवतोस काय, आनि आता धागं तोडतोस?" त्याचा आवाज चिरकला. दीड वर्षात कुणी त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता. गल्लीतले सगळे कुंचे क्षणभर अडखळले. तो ताण्याकडे वळला, तुटलेल्या धाग्यांचा झुपका हातात घेतला आणि त्याच्या तोंडून हुंदका फुटला.

"आक्का, घरात आवाज न्हाय गं. ती कांड्या भराय बसली की रहाट वाजायचा. आता माग वाजतोय नुसता. मला त्यो ऐकवत न्हाय. मला काय सोसंना झालंय, आक्का."

आक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता सगळे काम थांबवून त्याला घरात नेतील. आक्का म्हणाली, "व्हय रं माज्या राजा. रड. पर धागा जोड. खळ वाळाय लागलीया."

आक्काचा हात पाठीवर तसाच, आणि तो रडत रडत धागे जोडत राहिला. मी तोडलेले. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे मारत होती, दोन बायका डोळे पुसत होत्या, तेही उलट्या हाताने, कारण पंजे खळीने भरले होते. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मलाही रडू आवरेना. तेवढ्यात मागे खट्ट आवाज झाला. प्रोफेसरांनी फोटो काढला होता.

ऊन चढायच्या आत ताण्याचा धागा न् धागा मोकळा झाला. आक्काने माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवली. मी हात धुताना ती म्हणाली, "मास्तरा, दुखनं मानूस कुनाला सांगतंय? आपल्या मानसाला. ही सगळी तुला आपली डोकीदुखी सांगत बसली, म्हंजे तुला घरचा मानलं त्यांनी. त्येनं तुला कायबी सांगितलं न्हाय. तवाच तुला कळाय पायजे हुतं."

साठ प्रश्न, पुठ्ठा आणि विलायत, सगळं त्या बादलीत बुडालं. शिवाप्पाअण्णा मात्र सोडत नव्हता. म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. शहापूरला जाऊन सांगून ये आदी, आमी येडी न्हाई म्हनून." मी त्याच दुपारी गेलो. मुलीला बघायला येणाऱ्या मंडळींसमोर कबूल केलं की वेडा मीच. त्यांना ते लगेच पटलं. लग्न झालं.

आता खाली मान घालून सांगायची गोष्ट. परतीच्या टांग्यात प्रोफेसर खुशीत होते. मला त्यांना सांगायचं होतं की तो कागद खोटा आहे, त्या माणसाला माणसांनी धरून ठेवला होता आणि ते आपल्या साठ प्रश्नांत कुठेच नाही. त्यांनी ऐकलं असतं. ते वाईट नव्हते, उलट फार प्रामाणिक होते. पुठ्ठ्याला भोकं त्यांनी पाडली असतील, पण वडगावात डोळे घेऊन गेलो होतो मी. पण माझी नेमणूक पुढच्या महिन्यात पुन्हा व्हायची होती. मी म्हणालो, "फोटो चांगला आला असेल, साहेब." याची मला आजही लाज वाटते.

निबंध छापून आला. त्यात तो फोटो होता. परशराम ताण्यावर वाकलेला, तोंड अर्धवट दिसतंय. खाली इंग्रजीत ओळ: मनाचा आदर्श समतोल राखणारा एक विणकर, आपल्या कामात शांतपणे मग्न.

त्या निबंधाची एक प्रत घेऊन मी वडगावला गेलो. परशरामच्या घरातून रहाटाचा आवाज येत होता. आत बघितलं तर आक्का भिंतीला टेकून कांड्या भरत बसली होती. दुपारचं घरचं आवरलं की इथेच येऊन बसते म्हणाली. परशरामने मला बघून माग थांबवला आणि एकदम सुरू केलं, गुडघा धरलाय, रात्रीची झोप पुरी होत नाही, डोळ्यांसमोर अंधारी येते, भात गिळवत नाही. मी पाऊण तास ऐकत बसलो. खिशातला प्रश्नांचा कागद काढला नाही.

मग फोटो दाखवला आणि खालची ओळ मराठीत वाचून दाखवली. खोटं छापलं गेलंय, दोष माझा आहे, हेही सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल. त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला. स्वतःच्या तोंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं. फोटोच्या कडेला, त्याच्या पाठीवर, बांगड्या घातलेला एक हात आला होता, बाकीचं माणूस बाहेर राहिलं होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्यो आक्काचा हात. आक्काचं नाव कुटं लिवलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. मला ते माहीतसुद्धा नव्हतं. गल्ली तिला आक्का म्हणायची म्हणून मीही आक्का म्हणत होतो. मी तिच्याकडे वळून विचारलं, "आक्का, तुमचं नाव काय हो?"

तिने रहाट थांबवला नाही. "कशाला? आता मला मोजतोस व्हय?"

नाव तिने सांगितलं, आणि ते लिहायची जागा माझ्याकडे तेव्हा नव्हती. आज आहे. गंगाबाई. परशरामच्या शेजारची, वडगावची.